कारखान्यांच्या छताखाली घरे: मुंबई उपनगरांतील औद्योगिक इमारतींचा पुनर्वापर

कुर्ल्याहून घाटकोपर, विक्रोळी, भांडुप ओलांडत मुलुंडपर्यंत जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून असलेला पट्टा, हे स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत मुंबईच्या कारखानदारीचे दोन मुख्य पट्टे होते. गिरणगावात सूत कातले आणि कापड विणले जात होते, तर उपनगरांत मोटारी, पंखे, औषधे, रंग, कुलुपे, बिस्किटे, तारा आणि नायलॉनचे धागे तयार होत होते. यांतील बहुतेक कारखाने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बंद पडले किंवा शहराबाहेर गेले आणि त्यांच्या जागी निवासी मनोरे, मॉल व कार्यालये उभी राहिली. कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्हजच्या, बोरिवलीत टाटा स्टीलच्या आणि गोरेगावात निरलॉनच्या आवारात हेच घडले. विलेपार्ल्याचे नाव बिस्किटाच्या पुड्यावरून देशभर पोहोचवणारा, १९२९ साली सुरू झालेला पार्लेचा कारखानाही २०१६ मध्ये बंद झाला. या सर्व स्थित्यंतरात जमिनीचे मोल बारकाईने मोजले गेले, परंतु त्या जमिनीवर उभ्या असलेल्या इमारतींचे मोल जवळपास कोणीच मोजले नाही.

जुन्या इमारतीचा मूळ उपयोग संपल्यावर तिची मुख्य रचना राखून तिला नव्या उपयोगासाठी सिद्ध करणे, याला वास्तुशास्त्रात अनुकूल पुनर्वापर म्हणतात. कारखान्याच्या उंच, खांब विरळ असलेल्या दालनांत मधला मजला घालून केलेली घरे, ज्यांना जगभर लॉफ्ट म्हटले जाते, हा या पुनर्वापराचा सर्वांत परिचित प्रकार होय. त्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या सोहो भागात झाली. तेथील बिडाच्या दर्शनी खांबांच्या गोदामांत आणि कारखान्यांत १९६० च्या दशकात चित्रकार व शिल्पकार बेकायदा राहू लागले, पुढे त्यांच्या वास्तव्याला हळूहळू मान्यता मिळत गेली आणि १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने लॉफ्ट कायदा करून अशा घरांतील भाडेकरूंना संरक्षण दिले, तसेच त्या इमारती आग व आरोग्य यांच्या नियमांत बसवण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. व्हिएन्नातील गॅसोमीटर हे याहून मोठे उदाहरण आहे. १८९६ ते १८९९ दरम्यान बांधलेल्या आणि १९८४ पर्यंत वापरात असलेल्या चार प्रचंड गॅसटाक्यांच्या विटांच्या भिंती कायम ठेवून त्यांच्या पोटात घरे, दुकाने आणि वसतिगृह उभारण्यात आले, आणि २००१ मध्ये लोक तेथे राहायला आले.

न्यूयॉर्कमध्ये लॉफ्ट कायदा झाला त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न शहरापुढे आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीच्या जमिनीची मोकळ्या जागेसाठी, सार्वजनिक घरांसाठी आणि मालकाच्या विकासासाठी अशी विभागणी सांगितली होती, पण तिच्यात एक उणीव होती. गिरणीची इमारत शाबूत ठेवून आतून बदलली तर ही वाटणी टळत असे. त्यामुळे सुरुवातीच्या काळात काही गिरण्यांत इमारत राखून खानपानगृहे व कार्यालये थाटली गेली आणि पुनर्वापर म्हणजे सार्वजनिक वाटा चुकवण्याची पळवाट, असा समज घट्ट झाला. २००१ मध्ये नियम पालटून वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित करण्यात आली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. या नव्या नियमाने पाडकामातून मोकळी होणारी जमीन वाटणीबाहेर राहिल्यामुळे गिरण्या पाडण्याचीही वाट सोपी झाली. पहिला नियम इमारत वाचवत होता पण समाजाचा वाटा बुडवत होता आणि दुसऱ्याने दोन्ही गमावले, हे या इतिहासाचे खरे दुर्दैव आहे.

उपनगरांत पुनर्वापराची दोन उदाहरणे मात्र ठळक आहेत. पहिले गोरेगावच्या नेस्कोचे. न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनीच्या यंत्रनिर्मितीच्या शेड १९९० च्या दशकापासून प्रदर्शनांसाठी वापरात आल्या, आणि २०२० मध्ये करोनाच्या साथीत याच आवारात महाकाय उपचार केंद्र उभे राहिले. यंत्रे, प्रदर्शने आणि रुग्णशय्या या तिन्हींना सामावून घेणारी ही जागा उंच व मोकळ्या दालनाची लवचीकता सिद्ध करते. दुसरे उदाहरण विक्रोळीचे आहे. गोदरेज समूहाने १९४३ मध्ये येथील जमीन घेतली आणि पुढे येथे उभारलेल्या कारखान्यात १९५१ मध्ये देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या तयार झाल्या. समूहाच्या जुन्या औद्योगिक जमिनीच्या एका भागावर 'द ट्रीज' हा प्रकल्प आकारास येताना दिल्लीच्या स्टुडिओ लोटस या वास्तुसंस्थेने तेथील काही जुन्या रचना न पाडता त्यांना नवे रूप दिले. तरीही या प्रकल्पातील घरे नव्या मनोऱ्यांतच आहेत. जुन्या भिंतींच्या वाट्याला पाहुण्यांचे स्वागत आले, त्यांच्या आत कोणाचे बिऱ्हाड आले नाही. ही मर्यादा एका प्रकल्पाची नसून संपूर्ण शहराची आहे.

कारखान्याची इमारत घर होऊ शकते का, याचे उत्तर ती कोणत्या जातीची आहे यावर अवलंबून असते, कारण उपनगरांत तिचे दोन प्रकार आढळतात. एक एकमजली शेड, जिच्यावर पोलादी कैच्या आणि त्यांवर पत्रे असतात. दुसरा बहुमजली गाळ्यांची इमारत, म्हणजे अंधेरी, साकीनाका, गोरेगाव, घाटकोपर आणि मुलुंड येथे दिसणारी काँक्रीटची 'इंडस्ट्रियल इस्टेट', जिच्या रुंद जिन्यांतून आणि मालवाहू उद्वाहनांतून कच्चा माल वर व तयार माल खाली येत असतो. वारसा म्हणून पहिल्या प्रकाराकडे सहज लक्ष जाते, पण घरांच्या दृष्टीने दुसरा अधिक आश्वासक आहे आणि त्याचे कारण भारमानांकनात आहे. भारतीय मानक ८७५ नुसार निवासी मजला दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, वापरभार पेलण्याइतका मजबूत असावा लागतो, तर कारखान्याच्या मजल्यासाठी हा भार हलक्या, मध्यम व जड उद्योगानुसार ५, ७ आणि १० किलोन्यूटन धरला जातो. यंत्रांसाठी आखलेल्या मजल्यावर माणसे, कपाटे, नव्या हलक्या भिंती आणि मधला हलका पोलादी मजला आला, तरी तो मूळ क्षमतेच्या आत राहण्याची शक्यता मोठी असते.

ही क्षमता कागदावरची आहे. मुंबईची दमट व खारी हवा पन्नास वर्षांत काँक्रीटचे काय करते, हे प्रत्यक्ष तपासावे लागते. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि त्या अल्कामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला की अल्कता घटते, थर नाहीसा होतो आणि सळई गंजू लागते. गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. ही आत सरकणारी सीमा पाहण्याची पद्धत अतिशय साधी आहे. खांबाचा कोपरा थोडा फोडून ताज्या भेगेवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारतात. निरोगी काँक्रीट क्षणात गडद गुलाबी होते, तर कार्बन मुरलेला बाहेरचा पट्टा रंगहीनच राहतो. त्या रंगहीन पट्ट्याची जाडी सळईपर्यंत पोहोचली आहे की तिच्या अलीकडे थांबली आहे, एवढ्यावर त्या खांबाचे भवितव्य ठरते. याच्या जोडीला हातोडीच्या उसळीची चाचणी, ध्वनिलहरींच्या वेगाची चाचणी आणि काँक्रीटचे दंडगोल काढून केलेली दाबचाचणी असते. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहेच. तेव्हा पुनर्वापरासाठी लागणारी पहिली माहिती गोळा करण्याची व्यवस्था शहरात आधीपासून आहे.

एकमजली शेडचे खरे वैभव तिच्या छतात असते. करवतीच्या दात्यांसारखे दिसणारे छत, ज्याच्या प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची व उत्तरेकडे तोंड केलेली असते, त्याला उत्तरप्रकाशी छत म्हणतात. कर्कवृत्ताच्या उत्तरेला मध्यान्ही उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, केवळ आकाशाचा स्थिर व सावलीविरहित प्रकाश येतो, म्हणून मागावरील धागा पाहण्यासाठी ब्रिटनमधील गिरण्यांनी हे छत घडवले आणि ते तसेच मुंबईत आले. परंतु लँकेशायर ५३ अंश अक्षांशावर आहे आणि मुंबई १९ अंशांवर. येथे १५ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर मध्यान्ही तो उत्तरेकडे झुकलेला असतो आणि २७-२८ जुलैच्या सुमारास पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे परततो. म्हणजे वर्षातील जवळजवळ अडीच महिने मुंबईच्या उत्तरप्रकाशी छतातून मध्यान्हीही ऊन आत शिरू शकते. मोसमी पाऊस मुंबईत सरासरी ११ जूनला पोहोचत असल्याने यांतील बराच काळ ढगाळ असतो, पण मे अखेरीचे आणि जूनच्या आरंभीचे दिवस घरात राहणाऱ्याला असह्य होऊ शकतात.

उपाय मात्र भूमितीतच आहे. २१ जूनच्या मध्यान्हीही सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे साडेचार अंशांहून कमी कललेला असतो, म्हणून काच अगदी उभी असेल तर दीड मीटर उंचीच्या काचेवर केवळ १२ सेंटिमीटरचा छज्जा त्या वेळचे ऊन अडवतो. कठीण असते ते सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन, कारण जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो. त्यासाठी काचेच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या लावाव्या लागतात. उपनगरांतील अनेक शेड दिशा पाहून नव्हे तर रस्त्याला किंवा रेल्वेमार्गाला समांतर बांधलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या 'उत्तर' प्रकाशाची दिशा होकायंत्राने तपासल्यावाचून कोणतीही आखणी करू नये.

उष्णतेचा दुसरा मार्ग पत्र्यातून येतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी आणलेल्या 'इको निवास संहिते'त छतातून आत येणाऱ्या उष्णतेच्या प्रमाणाला दर चौरस मीटर, दर अंश १.२ वॅट अशी कमाल मर्यादा आहे. उघड्या सिमेंटच्या पत्र्यातून याच्या चार-पाच पट उष्णता आत येते. कैच्या कायम ठेवून त्यांवर मधोमध उष्णतारोधक थर असलेले दुहेरी पत्रे बसवले आणि वरचा रंग पांढरा ठेवला की ही मर्यादा सहज गाठता येते. दात्याची दक्षिणेकडे उतरणारी बाजू तर सौरपट्ट्यांसाठी जणू आयतीच असते. याच संहितेने मुंबईसारख्या उष्ण व दमट हवामानात उघडता येण्याजोग्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ जमिनीच्या किमान १६.६६ टक्के असावे असे सांगितले आहे. येथे वातानुकूलनाआधी वारा लागतो आणि नेमका तोच खोल शेडच्या मध्यभागी पोहोचत नाही. चाळीस मीटर खोल दालनाच्या कडेची घरे हवेशीर आणि मधली कोंदट होतात. अशा वेळी छताचा एखादा पट्टा उघडा करून, खाली चौक काढून, वरच्या कैच्या मात्र तशाच राखणे हा सर्वांत समंजस मार्ग ठरतो. थोडे चटईक्षेत्र जाते, पण उरलेल्या प्रत्येक घराला दोन बाजूंनी हवा मिळते.

पावसाचा विचार निराळाच करावा लागतो, कारण दोन दात्यांमधील पन्हळ तुंबली तर पाणी इमारतीच्या बाहेर न पडता थेट घरात उतरते. सहा मीटर रुंद आणि तीस मीटर लांब अशा एका दात्यावर तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या एका पन्हळीतून सेकंदाला ५ लिटर पाणी वाहून जावे लागते. ज्या शहरात २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, तेथे ही पन्हळ मूळ मापाची ठेवणे धोक्याचे आहे. हेच पाणी साठवले तर उपयोगीही पडते. १००० चौरस मीटर छतावर हंगामात सुमारे २२०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला असे मानले, तरी साडेसतरा लाख लिटर पाणी हाती येते आणि पावसाळ्याचे चार महिने शौचालये, धुणीभांडी व झाडे यांची गरज त्यावर भागू शकते.

उंचीबाबतचे नियमही येथे समजून घ्यायला हवेत. मुंबईच्या बांधकाम नियमांत लॉफ्ट म्हणजे सामान ठेवण्याचा माळा, ज्याची उंची १.५ मीटरहून अधिक नसावी. राहण्याच्या खोलीला राष्ट्रीय इमारत संहितेनुसार किमान २.७५ मीटर उंची लागते. म्हणून सहा मीटरहून उंच शेडमध्येच दोन पातळ्यांचे खरे घर बसते. त्याहून बुटक्या गाळ्यात माळा काढून त्यावर माणसे झोपवणे हा पुनर्वापर नव्हे. तसे झोपणे उपनगरांत नवे नाही. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या एका गाळ्याला आग लागली आणि १२ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर दहा-अकरा दिवसांतच कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जण दगावले. जुन्या औद्योगिक जागेत वस्ती किंवा वर्दळ आणायची तर दोन स्वतंत्र जिने, आग रोखणाऱ्या भिंती, पोलादी कैच्यांवर अग्निरोधक लेप आणि बंब आत येण्याएवढी वाट या गोष्टींवर कोणतीही तडजोड होता कामा नये, कारण उघडे पोलाद जळत नसले तरी सुमारे ५५० अंश सेल्सिअसला त्याची निम्मी ताकद निघून जाते.

जुन्या कारखान्यात आणखी एक छुपा धोका असतो. छताचे सिमेंटचे पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉस मिसळून केलेले असतात. ते अखंड असेपर्यंत फारसा त्रास देत नाहीत, पण फोडले, कापले किंवा घासले की त्यांचे सूक्ष्म तंतू हवेत मिसळतात व फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी कर्करोग व अन्य विकार निर्माण करतात. म्हणून ते ओले करून, न फोडता उतरवून, गुंडाळून, घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात, उदाहरणार्थ तळोजा येथे, पाठवावे लागतात. जमिनीखाली विद्युत्विलेपनाच्या हौदांतून झिरपलेले क्रोमियम, यंत्रांचे तेल आणि धातू धुण्याची द्रावके असू शकतात. मुलांनी खेळायच्या चौकातील माती काही मीटर खोलीपर्यंत तपासल्याखेरीज तेथे हिरवळ लावणे बेजबाबदारपणाचे ठरेल. या शुद्धीकरणाचा खर्च मोठा असतो, पण तो पाडकामातही टळत नाही. तेथे तो बहुतेकदा धुळीच्या रूपाने शेजारच्या वस्तीला भरावा लागतो, एवढाच फरक.

एवढे सारे करून पर्यावरणाचा लाभ किती, हे एका ढोबळ हिशेबाने कळते. पाच हजार चौरस मीटरच्या नव्या काँक्रीट इमारतीच्या सांगाड्याला साधारण २००० घनमीटर काँक्रीट, म्हणजे ७०० टन सिमेंट, आणि सव्वादोनशे टन पोलाद लागते. टनामागे सिमेंटचे पाऊण टनाच्या आतबाहेर आणि पोलादाचे दोन टनांहून अधिक उत्सर्जन धरले तर हा सांगाडा उभा राहण्याआधीच सुमारे १००० टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. जुना सांगाडा वापरला तर त्यातील मोठा वाटा वाचतो, शिवाय हजारो टन राडारोडा आणि तो वाहणाऱ्या डंपरच्या फेऱ्याही वाचतात. नवी इमारत विजेची कितीही बचत करणारी असली, तरी हे आरंभीचे कर्ज फेडायला तिला अनेक वर्षे लागतात.

मग असे होत का नाही? अडथळा अभियांत्रिकीचा नाही, चटईक्षेत्र निर्देशांकाचा आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणारा हा आकडा उपनगरांत मुळात १ असून अधिमूल्य भरून आणि हस्तांतरणीय विकास हक्क विकत घेऊन रस्त्याच्या रुंदीनुसार तो दुपटीपर्यंत व त्यापुढेही जातो. एकमजली शेडने यातील अर्धासुद्धा वापरलेला नसतो, म्हणून ती राखणे म्हणजे मालकाने उरलेल्या बांधकामावर पाणी सोडणे होय. अशा नुकसानीची भरपाई करण्याची व्यवस्था मुंबईत आहे. १९९५ च्या वारसा नियमांनी, जे देशातील पहिलेच होते, वारसा इमारतीच्या मालकाला न वापरता येणारे बांधकाम हस्तांतरणीय हक्काच्या रूपाने अन्यत्र विकण्याची मुभा दिली आणि ती तरतूद २०१८ मध्ये लागू झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही पुढे चालू आहे. परंतु हा हक्क यादीत असलेल्या इमारतीलाच मिळतो, आणि यादी मुख्यतः शहर भागातील दगडी इमारती, देवळे, चर्च व बंगले यांनी भरलेली आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या पिढीच्या उद्योगांनी उपनगरांत बांधलेल्या काँक्रीटच्या इमारतींना इतिहास असतो, हेच अजून पुरेसे मान्य झालेले नाही. गाळ्यांच्या इमारतींची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांनी आपले चटईक्षेत्र बऱ्याच अंशी वापरलेले असते, त्यामुळे त्या पाडण्याचा मोह तुलनेने कमी असतो. त्यांची अडचण मालकीची आहे. एका इमारतीत शंभर गाळेधारक असतात, आणि मरोळसारख्या भागात तर जमीनच महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते.

या गाळ्यांत आजही साचे घडतात, छपाई होते, दागिने व कपडे तयार होतात, आणि जिथे काम चालू आहे तिथे घरांसाठी ते हलवणे अन्यायाचे होईल. औद्योगिक जमीन निवासी करताना कामगारांची देणी चुकती झाल्याचे कामगार आयुक्तांचे प्रमाणपत्र मागण्याची प्रथा याच जाणिवेतून आली आहे. पुनर्वापराचे धोरण आखताना हीच अट पुढे नेता येईल. बंद पडलेल्या मजल्यांपुरतीच निवासी परवानगी द्यावी, खालचे मजले आवाज व धूर न करणाऱ्या उद्योगांसाठी राखावेत आणि नव्या घरांचा एक ठरावीक वाटा त्याच परिसरात काम करणाऱ्यांना परवडेल अशा भाड्याने द्यावा. त्यासाठी आधी कोणत्या इमारती उभ्या आहेत, कोणत्या वर्षीच्या आहेत, त्यांची उंची, खांबांमधील अंतर आणि काँक्रीटची अवस्था काय आहे, याची प्रभागवार नोंद लागेल. के पूर्व, पी दक्षिण, एल, एन, एस आणि टी या सहा प्रभागांपासून ती सुरू केली, तर अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचा औद्योगिक पट्टा बहुतांशी तिच्यात येतो.